बेडरूमच्या भिंतीला ओल, आणि वरचे काका म्हणतात "आमच्याकडचं नाही"

मृण्मयी_प | १४ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. डोकं फिरायची वेळ आलीये म्हणून धागा काढतेय.

पुण्यात २००३ सालच्या चार मजली बिल्डिंगमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूम आणि कॉमन बाथरूम यांच्या मधल्या भिंतीवर, पार वर माळ्याच्या उंचीला, वॉर्डरोबच्या बाजूच्या कोपऱ्यात फेब्रुवारीत एक डाग दिसला. आधी चहा सांडल्यासारखा. मग रंगाला फुगा आला, बोटानं दाबला तर आत पाणी. आता पोपडे सुटताहेत, रोज सकाळी उशीवर पांढरी भुकटी पडलेली असते. दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं करून घेतलेला वॉर्डरोब उघडला की ओल्या गोणपाटाचा वास येतो. काल लग्नातली पैठणी काढली तर घडीवर बुरशीचे ठिपके. तिथे मात्र रडू आलं.

वरच्या मजल्यावर निवृत्त काका-काकू राहतात. डाग त्यांच्या बाथरूमच्या बरोब्बर खाली आहे. दोनदा जाऊन सांगितलं. काका म्हणतात, "आम्ही २०१९ ला सगळं बाथरूम नवं केलंय, पावती आहे. आमच्याकडचं नाही." तिसऱ्या वेळी तर जाळीच्या दारातूनच बोलले, आत घेतलं नाही. नवरा म्हणतो सरळ नोटीस पाठवू. मला भांडण नकोय पण भिंतही हवीये. काय करू?

चकली | १४ मे, रात्री १०:५२

आधी पैठणी! भिंत कुठे पळून जात नाही. घराबाहेर नेऊन मऊ ब्रशनं हलक्या हातानं ठिपके झटक, तोंडाला रुमाल बांधून. सावलीत वाऱ्यावर टाक, कडक उन्हात नको. पाणी लावू नकोस, जर काळी पडेल. नंतर रेशमी कपड्यांची सवय असलेल्या ड्रायक्लीनरकडे दे. आणि त्या कपाटातले सगळे कपडे आजच बाहेर काढ, फक्त पैठणी नव्हे.

टपटप | १४ मे, रात्री ११:०५

"आमच्याकडचं नाही" हे वाक्य वरच्या मजल्यावाल्यांना शेअर सर्टिफिकेटच्या मागे छापूनच मिळतं.

शंकासुर | १४ मे, रात्री ११:२०

नोटीस पाठवा. सरळ. माझ्या आधीच्या घरी तीन वर्षं गोडीगुलाबीत घालवली. शेजारधर्म म्हणून दिवाळीचा फराळ पाठवत राहिलो. ते चिवडा खात राहिले आणि आमच्या हॉलच्या स्लॅबचे गज दिसायला लागले. पाणी लोखंडापर्यंत पोचलं की गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो, मग तो नुसता रंगाचा प्रश्न राहत नाही.

गवंडीकाका | १५ मे, सकाळी ६:१५

मृण्मयीताई, चौतीस वर्षं साइटवर सुपरवायझर म्हणून काढली, त्यावरून सांगतो. नोटीस, भांडण, रंग, केमिकल, सगळं नंतर. आधी पाणी कुठलं ते ओळखा. घरात येणारं पाणी ढोबळमानानं तीन जातींचं असतं.

एक पावसाचं. ते पावसाळ्यातच दिसतं आणि दिवाळीपर्यंत डाग सुकतो. तुमचा फेब्रुवारीत आला, म्हणजे हे नाही. दुसरं सांडपाण्याचं, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीच्या जाळीखालचा सांडपाण्याचा जोड), कमोडचा जोड, टाइलच्या सांधी. बाथरूम वापरलं की ते वाढतं, नाही वापरलं की कमी होतं. तिसरं लाइनचं. टाकीतून येणाऱ्या पाइपात दाब चोवीस तास असतो, त्यामुळे कोणी आंघोळ करो न करो, ते बारा महिने एकसारखं झिरपतं.

तेव्हा मला एवढंच सांगा. वरचे काका-काकू कधी गावाला जातात का? गेले असतील तेव्हा डाग सुकला का?

आणि आज एक काम करा. साधी पेन्सिल घ्या, ओल जिथपर्यंत आहे तिथे कडेनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. चार दिवसांनी पुन्हा. आठवणीवर विसंबू नका. ओल वाढली असं रोज वाटतं, पण रेघ खोटं बोलत नाही.

मृण्मयी_प | १५ मे, सकाळी ९:३०

काका, धन्यवाद. रेघ मारली. एप्रिलच्या शेवटी ते दोघं अकोल्याला लग्नाला गेले होते, चांगले दहा दिवस. तेव्हा डाग सुकला नाही. उलट तेव्हाच वाढला असं मला वाटतंय. पण रेघ नव्हती :(

शंकासुर | १५ मे, सकाळी ९:४८

गवंडीकाका, आदर आहे, पण दहा दिवसांवरून काहीच सिद्ध होत नाही. टॉयलेटचा स्लॅब फूट-दीड फूट खाली सोडलेला असतो ना? त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरतात. एकदा ट्रॅपच्या कडेनं पाणी मुरलं की ते भरण स्पंजासारखं भरून राहतं. वर बाथरूम कोरडं ठणठणीत, खाली आठ-पंधरा दिवस गळती चालूच. आमच्याकडे तेच होतं. वरच्यांनी टाइलच्या सांधी भरून "केलं बरं का काम" म्हणून दाखवलं. वर्षभर तसंच.

गवंडीकाका | १५ मे, सकाळी १०:१०

शंकासुरांचा मुद्दा बरोबर आहे, मी घाई केली. भरलेला सनकन स्लॅब बरेच दिवस पाझरतो. पण रिकामा होत जाईल तसा डाग थोडा तरी हलका व्हायला हवा, वाढायला नको. म्हणून माझा कल लाइनकडेच.

सेक्रेटरी_नको_रे_बाबा | १५ मे, दुपारी १:००

नाव वाचलंत ना, सात वर्षं भोगतोय. नियम सांगतो, कारण यावर सभेत हमखास हमरीतुमरी होते. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, दुरुस्तीची वाटणी दिलेली आहे. गच्ची, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या नि ड्रेनेजच्या लाइन, पावसाच्या पाण्यानं होणारी गळती, हे सोसायटीनं स्वखर्चानं करायचं. घराच्या आतल्या टॉयलेट, सिंक वगैरेच्या गळतीचा खर्च संबंधित सभासदांनी करायचा आणि सोसायटीनं दोघांमध्ये समन्वय साधायचा.

"समन्वय" म्हणजे काय ते विचारू नका. म्हणजे मी. रविवारी सकाळी दोन्ही पार्ट्यांना समोरासमोर बसवायचं, आपल्याच घरचा चहा पाजायचा आणि दोघांच्याही शिव्या खायच्या.

आणखी एक. बिल्डिंग १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, करायचं असं उपविधींत आहे. मृण्मयी, तुमची २००३ ची, म्हणजे बसतेय त्यात. झालंय का विचारा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाऊण टक्का आणि सिंकिंग फंड किमान पाव टक्का गोळा करायचा असतो. बहुतेक सोसायट्यांत "मेंटेनन्स कमी ठेवा" या एका वाक्यावर हे दोन्ही मरतात आणि मग गच्चीसाठी माणशी पन्नास हजार मागायची वेळ आली की सभेला कोरम भरतो.

वकीलीण_बाई | १५ मे, दुपारी २:२५

नोटिशीबद्दल. सभासदा-सभासदांतला असा वाद महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात नेता येतो. नेता येतो हे खरं, पण तारखा पडत असताना भिंत थांबत नाही. आणि "पाणी तुमच्याकडूनच येतंय" हे सिद्ध कोण करणार? तज्ज्ञाचा अहवाल नसेल तर नोटीस म्हणजे महागडं पत्र. पहिल्यांदा सोसायटीला साधा अर्ज, तारखेसह फोटो, पोच घ्या.

नव्या घरात राहणाऱ्यांसाठी अवांतर: ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष दिसला तर रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बिल्डरनं तो कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा. साइटवरच्या मुकादमाला "बघा हं जरा" सांगणं म्हणजे कळवणं नव्हे.

अध्येमध्ये | १५ मे, दुपारी ३:००

आमच्याकडे एकानं पीव्हीसी पॅनेल ठोकून दिले भिंतीवर. मस्त संगमरवरी दिसायचे. दीड वर्षानं मागून झुरळांची वसाहत आणि काळी बुरशी निघाली, घरभर शिंका. ओल झाकू नका कोणी. एवढंच.

टपटप | १५ मे, दुपारी ३:१२

मी तीनदा "वॉटरप्रूफ" रंग लावला. रंग खरंच वॉटरप्रूफ होता. पाणी आतच अडून राहिलं आणि आख्खं प्लास्टर घेऊन खाली आलं.

रत्नांग्री | १५ मे, रात्री ८:४०

तुमच्या शहरात पाणी वरच्या शेजाऱ्याकडून येतं, आमच्याकडे सरळ आभाळातून, म्हणून भांडायला कोणी सापडत नाही.

लहानपणी मे संपायच्या आत शाकारणी व्हायची. गडी छपरावर चढायचे, सगळी नळ्याची कौलं उतरवायचे, फुटकी बाजूला, शेवाळलेली घासून पुन्हा परतायची. आजी खाली उभी राहून कुठली ओळ चुकली ते अंगणातून सांगायची. पश्चिमेच्या भिंतीला माडाची झापं बांधायची, कारण कोकणात पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. झडीनं जांभ्याची भिंत भिजते, आणि जांभा पाणी पितो, सच्छिद्र दगड तो. म्हणून पडवी. पडवी ही बसायला नसतेच मुळी, ती भिंतीची छत्री असते. बसणं आपलं नंतर सुचलेलं.

आता भावानं पडवी काढून स्लॅब टाकलाय, "मॉडर्न" म्हणून. गेल्या पावसाळ्यात माजघराच्या भिंतीला कमरेपर्यंत लोणा. छपराची पागोळी भिंतीपासून दोन हात लांब पडायची, ती आता भिंतीवरूनच उतरते. वर परत म्हणतो जांभाच खराब. मेल्या, जांभा दीडशे वर्षं उभा होता!

चकली | १५ मे, रात्री ९:०२

"पडवी ही भिंतीची छत्री" वहीत लिहून घेतलं.

शंकासुर | १५ मे, रात्री ९:३०

रत्नांग्री, कमरेपर्यंत चढलेली ओल बहुधा खालून चढतेय, वरून नाही. पायातलं पाणी भिंतीतून वर चढतं, बरोबर क्षार आणतं आणि जिथे वाळतं तिथे पांढरा फुलोरा सोडतं. अंगण काँक्रीट केलंय का? केलं असेल तर जमिनीतली वाफ भिंतीतूनच वाट काढणार.

रत्नांग्री | १५ मे, रात्री ९:४१

पेव्हर ब्लॉक घातलेत मेल्यानं. भिंतीला चिकटवून. तुम्ही शंकासुर नाही, ज्योतिषी आहात.

सांगलीची_सई | १६ मे, सकाळी ११:२०

ओल म्हटलं की मला ऑगस्ट २०१९ आठवतो. आमच्या घरात सहा फूट पाणी होतं, आठवडाभर. भिंती वाळायला पुढचा उन्हाळा उजाडला. काही गोष्टी तेव्हा कळल्या त्या सांगते, जून तोंडावर आहे म्हणून.

परत आल्यावर पहिल्यांदा मेन स्विच. चिखलात उभं राहून फ्रीज चालतो का बघायचं नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांना तीच घाई झाली होती. बोर्ड उघडून, वाळवून, वायरमननं बघितल्यावरच वीज. साफ करायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. पंचनाम्याला आणि विम्याला तेच लागतात. गाळ ओला असतानाच काढायचा, वाळला की खरवडावा लागतो.

आणि फोटोंचे अल्बम. आईबाबांच्या लग्नाचे फोटो एकमेकांना चिकटून वीट झाली होती. मी घाईनं उन्हात ठेवले आणि वाट लावली. नंतर एका ग्रंथपाल बाईंनी सांगितलं ते आधी माहीत असतं तर! चिकटलेले फोटो वाळू द्यायचेच नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळू सुटे करायचे, चित्राची बाजू वर ठेवून सावलीत वाळवायचे. ओली पुस्तकं लगेच हाताळता येणार नसतील तर पिशवीत घालून चक्क फ्रीझरमध्ये ठेवायची, दोन दिवसांच्या आत. गोठली की बुरशी थांबते, मग सवडीनं थोडी थोडी काढून वाळवता येतात. बाबांच्या ज्ञानेश्वरीला फ्रीझरमध्ये ठेवणार म्हटल्यावर आजीनं काय म्हटलं असतं, कोण जाणे. पण ती वाचली असती.

टपटप | १६ मे, सकाळी ११:५५

सई, आज विनोद करत नाही. फ्रीझरचं माहीत नव्हतं. आमच्याकडे २६ जुलै २००५ ला मुंबईत कलिन्याच्या तळमजल्यावर सगळं गेलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा आमच्या घरात जन्मतारखेसारखा पाठ आहे.

न्यूजर्सीकर | १६ मे, रात्री ८:१५

इकडे आमच्या घराला बेसमेंट. तळाशी खड्डा, त्यात संप पंप. पाऊस पडला की तो आपोआप पाणी बाहेर फेकतो. २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळाचा पाऊस आला, वीज गेली आणि पंप बंद. बायको आणि मी बादल्यांनी पाणी उपसत होतो, चाळीत नळाला पाणी भरायचो तसं, फक्त उलटं. मग कळलं की नेहमीच्या घराच्या विम्यात पुराचं पाणी धरतच नाहीत, त्याचा विमा वेगळा. आता बॅटरीवरचा दुसरा पंप बसवलाय. इथे वरचे काका नाहीत, भांडायला विमा कंपनी आहे. काका बरे.

मृण्मयी_प | १९ मे, रात्री १०:०५

अपडेट. चार दिवसांत पेन्सिलच्या रेघेच्या बाहेर दोन बोटं ओल सरकलीये. पावसाचा थेंब नाही.

आणि एक झालं. काल काका स्वतः खाली आले. दारातच उभे. हातात खायच्या लाल रंगाची बाटली. म्हणाले, "हा रंग पाण्यात मिसळून माझ्या ट्रॅपमध्ये आणि फरशीवर ओतलाय. दोन दिवस बघा. लाल दिसलं तर मी सगळं फोडून देतो." आणि गेले. आज रात्रीपर्यंत भिंतीवर लाल काही नाही. नवरा म्हणतो रंग पातळ केला असणार. मला आता काका खरे वाटायला लागलेत आणि ते जास्त त्रासदायक आहे.

बाकी: आज सकाळी बेडरूमची वीज दोनदा ट्रिप झाली. संबंध आहे का?

गवंडीकाका | १९ मे, रात्री १०:२०

आहे! त्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर लगेच त्याचा एमसीबी पाडा आणि पाडलेलाच ठेवा. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) असावा, तो माणूस वाचवायला ट्रिप होतोय. त्याला शिव्या देऊन पुन्हा पुन्हा चढवू नका. वायरमन बोलवा.

शंकासुर | १९ मे, रात्री १०:३५

रंगाची चाचणी दोन दिवसांत नापास होत नाही. आधीच भरलेल्या भरणातून रंग खाली यायला आठवडा लागू शकतो. लाल आला तर नक्की, नाही आला तर नक्की नाही.

गवंडीकाका | १९ मे, रात्री १०:५०

हेही बरोबर. म्हणून आता स्वस्तातली दुसरी चाचणी. मृण्मयीताई, तुमच्या स्वतःच्या कॉमन बाथरूमची लाइन कुठून येते? पुण्यात त्या काळच्या बऱ्याच बिल्डिंगांत गच्चीवरच्या टाकीची लाइन डक्टमधून उतरते आणि प्रत्येक घरात माळ्याच्या उंचीला आत शिरते. तिथे कॉक असतो. तो पूर्ण बंद करून दोन दिवस राहा, अटॅच्ड बाथरूम वापरा. आणि रेघ बघा.

मृण्मयी_प | १९ मे, रात्री ११:०२

माझी लाइन? पण ओल तर वर आहे, स्लॅबच्या जवळ. माझ्या घरातलं पाणी वर कसं चढेल?

गवंडीकाका | १९ मे, रात्री ११:१०

लाइनच वर असेल तर चढायला कशाला लागतंय? आणि विटा-प्लास्टर वातीसारखं पाणी ओढतात, वीतभर तर सहज वर जातं. त्या भिंतीत गेल्या काही वर्षांत काही ठोकलंय का? गीझर, पंखा, रॅक?

मृण्मयी_प | १९ मे, रात्री ११:१४

नाही काही. गीझर दुसऱ्या भिंतीवर आहे.

अध्येमध्ये | १९ मे, रात्री ११:१६

वॉर्डरोब?

टपटप | १९ मे, रात्री ११:१७

🍿

मृण्मयी_प | २३ मे, सायंकाळी ७:३०

बसा सगळे.

बुधवारी सकाळी कॉक बंद केला. इतका जाम होता की पाना लावावा लागला. शुक्रवारी सकाळी ओल १९ तारखेच्या रेघेच्या आत आली होती. थोडीच, करंगळीच्या नखाएवढी, पण आत. नवरा म्हणाला योगायोग. मी कॉक उघडला. संध्याकाळी तो कोपरा पुन्हा काळपट.

आज सुताराला नाही, प्लंबरला बोलावलं. वॉर्डरोबचं वरचं खण रिकामं केलं, मागची प्लाय काढली. ती काढावी लागलीच नाही, हातात आली, ओल्या बिस्किटासारखी. मागे भिंतीत पाच स्क्रू. चार चकचकीत. पाचवा तपकिरी, गंजून डोकं फुललेलं. प्लंबरनं तो अर्धा फिरवला आणि सुतळीएवढी धार सरळ माझ्या चष्म्यावर.

२०१६ ला आम्ही बाथरूम केलं तेव्हा जुनी जीआय (लोखंडी) काढून सीपीव्हीसीची (प्लास्टिकची) लाइन टाकली होती. ती बाथरूमच्या दारावरून आडवी जाते. वॉर्डरोब ठोकताना सुताराचं ड्रिल भिंतीत जरा जास्त खोल गेलं आणि स्क्रूनं पाइप भोसकला. पण स्क्रूच बुचासारखा बसला! तो गंजेपर्यंत काही कळलं नाही. म्हणजे दोन वर्षं आमच्याच कपाटानं आमचंच पाणी अडवून धरलं होतं.

वीतभर पाइप कापून दोन जोड टाकले. प्लंबरचे अडीच हजार. पैठणीच्या ड्रायक्लीनिंगचे त्याहून जास्त.

शंकासुर | २३ मे, सायंकाळी ७:४२

मी नोटीस म्हणालो होतो. जाहीर माघार.

वकीलीण_बाई | २३ मे, रात्री ८:००

नोटीस गेली असती तर तिचं उत्तर मी लिहिलं असतं काकांच्या बाजूनं, आनंदानं.

सेक्रेटरी_नको_रे_बाबा | २३ मे, रात्री ८:२०

या धाग्याची प्रिंट काढून लिफ्टमध्ये लावतोय. वॉर्डरोब करायच्या आधी लाइन कुठून जाते त्याचा फोटो हवाच. बाथरूमचं काम चालू असताना, प्लास्टर व्हायच्या आधी, टेप धरून भिंतीचे फोटो काढून ठेवायचे. दोन मिनिटांचं काम.

चकली | २३ मे, रात्री ८:३१

पण काका? काकांकडे गेलीस का??

मृण्मयी_प | २४ मे, सकाळी ११:१५

गेले. काल रात्रीच, गंजका स्क्रू हातात घेऊन. वाटीत घरचं लोणीही नेलं, का ते माहीत नाही, रिकाम्या हातानं जाववेना.

जाळीचं दार उघडलं, काका "या" म्हणाले. टीपॉयवर २०१९ ची पावती होतीच, शिवाय तिची झेरॉक्स, मला द्यायला काढून ठेवलेली. मी स्क्रू दाखवला, सगळं सांगितलं, माफी मागितली. काकांनी स्क्रू चष्मा लावून नीट पाहिला आणि एवढंच म्हणाले, "अडीच इंची आहे. दीडचा पुरला असता."

मग काकू चहा ठेवता ठेवता आतून म्हणाल्या, "अगं, हे मार्चपासून त्या बाथरूममध्ये आंघोळच करत नाहीत. म्हणाले, बघू तरी खालचा डाग जातो का."

अडीच महिने. आणि मी जाळीच्या दारावरून त्यांना काय काय म्हटलं होतं घरी येऊन.

रत्नांग्री | २४ मे, सकाळी ११:२८

हे सांगितलं असतं तर मार्चमध्येच निकाल लागला असता की! पण पुण्याचे काका, सांगतील कसे.

टपटप | २४ मे, सकाळी ११:४०

काकांविषयीचं ते शेअर सर्टिफिकेटचं वाक्य मी मागे घेतो. सुताराविषयी नवीन लिहायला घेतो.

मृण्मयी_प | २४ मे, दुपारी १२:०५

गवंडीकाका, आता रंग कधी लावू? नवरा म्हणतो पावसाच्या आत उरकून टाकू.

गवंडीकाका | २४ मे, दुपारी १२:३०

मुळीच नको. आधी सुटं प्लास्टर विटेपर्यंत खरवडून काढा. पांढरा लोणा कोरड्या ब्रशनं झाडा, पाण्यानं धुऊ नका, पुन्हा आत मुरतो. भुकटी पडेल, तोंडाला मास्क लावा. मग भिंत उघडी ठेवा, पंखा मारा. पावसाळ्यात हवाच ओली, पूर्ण वाळणार नाही, दिवाळीपर्यंत धीर धरा. वाळली का ते बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर लावा, एक दिवसानं काढा. भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर अजून ओल आहे. बोर्डाचा एमसीबी वायरमन हो म्हणेपर्यंत पाडलेलाच.

आणि वॉर्डरोबला मागे बोटभर जागा सोडा यावेळी.

मृण्मयी_प | २४ मे, दुपारी १२:४१

हो काका. स्क्रू वरचे काका घेऊन देणार आहेत. दीड इंची.

अध्येमध्ये | ९ जून, सकाळी ७:५०

गवंडीकाका आहात का? काल पहिलाच मोठा पाऊस झाला आणि आमच्या हॉलच्या छतावर डाग. आम्ही वरच्या मजल्यावर, वर थेट गच्ची. कोणी म्हणतं जुना ब्रिकबॅट कोबा फोडून नवा करा, कोणी म्हणतं वरून पत्रे टाका.

गवंडीकाका | ९ जून, सकाळी ८:०५

आहे. पण नवा धागा काढा. आणि त्याआधी गच्चीवर जाऊन पाइपाच्या तोंडाशी पाला अडकलाय का ते बघून या.

अध्येमध्ये | ९ जून, सकाळी ८:४०

अडकला होता. पाला, एक चेंडू आणि सेक्रेटरींची चप्पल.